कुंपणाच्या बाजूची खिडकी

बाजारामागच्या गल्लीत शिलाई मशीन दुरुस्त करणारे जे गृहस्थ बसतात, त्यांना सगळे विमानकाका म्हणतात. काकांनी विमान कधी चालवलं नाही, दुरुस्त केलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते कधी विमानात बसलेही नाहीत. काका विमानं बघतात. बस्स, एवढंच. नवरा पत्त्यांच्या नादी लागला तर बायकोला भांडायला निदान तोंड तरी असतं. आकाशातून जाणाऱ्या विमानावरून घरात भांडायचं कसं, हा काकूंचा जुना प्रश्न होता आणि त्याला उत्तर सापडण्याआधी मुलगी लग्नाच्या वयाची झाली.

दिवसभर काका दुकानात खाली मान घालून बसत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लावलेली मशीनची डोकी, पत्र्याच्या डब्यांतून बॉबिन, सुया, पट्ट्याचे तुकडे, आणि सगळ्याला धरून बसलेला तेलाचा वास. बाया मशीन घेऊन येत आणि 'टाका सोडतंय' किंवा 'दोरा तुटतोय' एवढंच सांगत. काका हाताने चाक फिरवत, कान जवळ नेत आणि म्हणत, "शटल घासलंय. उद्या या." हा कान त्यांना पुढे विमानांच्या कामी आला. नाद लागला तोही कामाच्याच निमित्ताने. विमानतळाच्या मागच्या अंगाला विमानातल्या सीटची कव्हरं शिवणारा एक कारखाना होता. तिथलं एक जाड कापडाचं मशीन अडलं म्हणून काका गेले, खिडकीशी बसून ते खोलू लागले, आणि डोक्यावरून एक विमान असं काही गेलं की हातातला स्क्रू खाली पडला. स्क्रू शोधायला म्हणून काका बाहेर गेले ते तासाभराने परत आले. स्क्रू खोलीतच पडला होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी आणि बऱ्याचदा सुट्टी नसतानाही काका कुंपणाशी. धावपट्टीच्या टोकाला तारेचं कुंपण होतं, त्याच्या बाहेर मातीचा उंचवटा, आणि त्या उंचवट्यावर काकांसारखेच तीन-चार जण. त्यांतले मुख्य मास्तर. हे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. विमानाच्या पंखाची टोकं कशी वळलीत यावर ते इतकं बोलत की ऐकणाऱ्याची मान त्याच वळणाची व्हायची. या मंडळींचा खरा जीव शेपटात. प्रत्येक विमानाच्या शेपटाजवळ त्याची स्वतःची अक्षरं लिहिलेली असतात. कंपनी बदलो, रंग बदलो, अक्षरांवरून हे पठ्ठे ओळखणार की हे तेच, मागल्या वर्षी पांढरं होतं ते. ती अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी वाचली तर ते विमान 'झालं'. दुसऱ्याने वाचून सांगितलेलं चालायचं नाही. या एका नियमावरून मास्तर आणि काका एकदा महिनाभर बोलत नव्हते.

"एकदा बसा की हो विमानात," दुकानात कोणी म्हणालं तर काका त्याची कीव करत. "बसून काय दिसणार? आत बसलं की विमान दिसत नाही," ते म्हणत. समोरच्याला हे पटायचं नाही, पण उत्तरही सुचायचं नाही.

आता मुलगी. एकुलती एक, हाताने चलाख, कापड कापण्यात तर अशी की काकूंची जुनी कात्री तिच्या हातात गेल्यावर परत मिळालीच नाही. ती तयार कपड्यांच्या एका कंपनीत कटिंगचं काम करायची. त्याच कंपनीने तिला समुद्रापलीकडच्या मोठ्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं. निदान चार-पाच वर्षं तरी. काकू रडल्या, मग कामाला लागल्या, मग पुन्हा रडल्या. काकांनी विचारलं, "कुठल्या विमानाने?"

मुलीने सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. "दुपारचं? अगं, ते तर आपलंच! हिरव्या शेपटीचं. सकाळी येतं, दुपारी जातं. त्याची अक्षरं मला पाठ आहेत."

"बाबा," मुलगी म्हणाली, "सोडायला याल ना?"

"येणार म्हणजे काय! हे काय विचारणं झालं?"

मुलगी हसली. फार दिवसांनी अशी हसली. काका पुढे म्हणाले, "कुंपणाशी सकाळपासूनच जागा धरतो. तू डाव्या बाजूची खिडकी माग. विमान वळलं की डावी बाजू कुंपणाकडे येते. मी हात हलवीन."

मुलगी उठून आत गेली. काका बघतच राहिले. आपण काय वाईट बोललो? उलट चांगली जागा सांगितली. डाव्या-उजव्यात चूक तर नाही झाली? त्यांनी हवेत हात फिरवून विमान वळवून पाहिलं. नाही, डावीच बाजू.

काकूंनी रात्रीची भांडी घासताना विषय काढला. "अहो, पोरगी दारापर्यंत या म्हणतेय. सगळ्यांचे बाप येतात तसे. एवढं कळत नाही?"

"दाराशी काय दिसतं? ढकलगाड्या! गर्दीत दोन मिनिटं उभं राहायचं नि ती आत गेली की तोंड पाडून परत यायचं. कुंपणाशी मी तिला शेवटपर्यंत बघीन. ढगात शिरेपर्यंत. कुठला बाप बघतो सांग बरं?"

काकूंनी हातातलं पातेलं जरा जोरातच पालथं घातलं. काकूंना या बोलण्यात काहीतरी खोट आहे हे दिसत होतं, पण नेमकी कुठे, ते सांगता येईना. काकांचं बोलणं नेहमी असंच असायचं. प्रत्येक वाक्य बरोबर आणि एकूण सगळं चूक. आणि काकांनाही झोप लागेना. लेकीवर आपलं प्रेम आहे, विमानावरही आहे, दोन्ही एकाच ठिकाणी एकाच वेळी येत आहेत, मग यात भांडण कुठून आलं? तिढा सुटेना. एखादं मशीन सगळं ठीक असून टाका सोडतं, तसं काहीतरी होतं हे.

निघायच्या दिवशी टॅक्सी आली. मुलीने वाकून नमस्कार केला. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डावी बाजू. विसरू नकोस." मुलगी 'हो' म्हणाली. टॅक्सीत माय-लेकी बसल्या आणि काका स्कूटरला किक मारून विमानतळाच्या मागल्या अंगाला निघाले. पिशवीत दुर्बीण होती आणि एक भडक पिवळी चादर. हात हलवलेला इतक्या लांबून दिसायचा नाही, म्हणून ही अक्कल त्यांनी स्वतः चालवली होती.

उंचवट्यावर मास्तर आधीच हजर. हिरव्या शेपटीचं विमान आलेलं होतं. काकांनी दुर्बिणीतून अक्षरं वाचली. तीच. दुपार झाली तसं ते हललं, डौलात वळलं, डावी बाजू कुंपणाकडे आली. काकांनी चादर उलगडली आणि दोन्ही हातांनी अशी हलवायला सुरुवात केली की मास्तर दोन पावलं मागे सरले. मग चादर मास्तरांच्या हातात कोंबून काकांनी दुर्बीण लावली. या खिडकीवरून त्या खिडकीवर. काळी टिकली, काळी टिकली, काळी टिकली. कुठल्या टिकलीत आपली मुलगी?

काका चक्रावले. इतकी वर्षं या विमानाच्या पोटावरचा चिकटवलेला पत्रासुद्धा त्यांना इथून दिसत आला होता. आणि माणूस दिसत नाही? आधी कधी दिसला होता का? त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. कधी बघितलंच नव्हतं. तोवर विमान धावलं, उचललं गेलं आणि ढगात शिरलं. काकांनी ठरवल्याप्रमाणे शेवटपर्यंत पाहिलं. मग डोळे पुसले आणि मास्तरांकडून चादर परत घेऊन घडी घालू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा.

काका फोनकडे बघत राहिले. विमानातून फोन लागतो? आत्ता कुठे वर गेलं!

"बाबा," मुलगी म्हणाली, "आमचं विमान बदललंय. दुसरं येणार आहे, वेळ लागेल म्हणतात. तुम्ही उगाच उन्हात थांबू नका, एवढंच सांगायला केला."

"म्हणजे? तू कुठे आहेस?"

"इथेच. आत बसलेय."

"मग ते गेलं ते?"

"ते दुसऱ्याच गावाला लावलं. दुसरी माणसं गेली त्यातून."

काकांच्या पायाखालची माती जराशी सरकली. "पण मी तर तुला टाटा केला. चादरीने."

 मग मुलगी हसली, की रडली, काकांना कळेना. फोनवर दोन्ही सारखंच ऐकू येत होतं. "कोणाला केलात, बाबा?" तिने विचारलं आणि फोन ठेवला.

काका घडी घातलेली चादर हातात घेऊन उभे राहिले. आपण कोणाला केला? विमान तेच होतं. अक्षरं तीच, बाजू तीच, खिडक्या त्याच. आणि ती नव्हती. ती नव्हती तरी ती असल्यासारखंच सगळं दिसलं होतं, रडूसुद्धा खरं आलं होतं. ते रडू मग कोणाचं? काकांना स्वतःचाच राग आला आणि राग कशासाठी आला हेही नीट समजेना. एवढं मात्र कळलं की मुलगी अजून जमिनीवर आहे.

इकडे मास्तरांना कुणाचा तरी निरोप आला आणि ते उंचवट्यावर अक्षरशः नाचू लागले. बदली विमान दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने येत होतं. चार इंजिनांचं, जुन्या घडणीचं, सगळीकडे मोडीत निघालेलं. या विमानतळावर ते आजवर उतरलं नव्हतं. काका आणि मास्तर म्हातारे होत आले ते याच आशेवर, की कधीतरी वाट चुकून ते इकडे येईल. "अरे, तुझ्या पोरीच्या पायगुणाने येतंय!" मास्तर ओरडले. "तेच घेऊन जाणार तिला! आता चादर सोड आणि दुर्बीण पूस!"

काकांनी दुर्बीण पुसली. गळ्यात अडकवली. मग गळ्यातून काढली आणि पिशवीत टाकली.

"कुठे निघालास?"

"पुढच्या बाजूला."

"पुढे काय आहे?" मास्तरांनी विचारलं. खरोखरच त्यांना प्रश्न पडला होता.

"माहीत नाही," काका म्हणाले आणि स्कूटर चालू केली.

मग जे झालं ते काकूंनी नंतर कित्येकांना हसत हसत सांगितलं, पण काकांचा त्या वेळी घामटा निघाला होता. या विमानतळावर कुठलं विमान कुठे वळतं, कुठे थांबतं, वारा फिरला की कुठून उठतं, हे काकांना तोंडपाठ. मात्र पुढचं दार त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते गाड्यांच्या तळात शिरले आणि त्याच वाटेने बाहेर आले. पुन्हा शिरले. एका जिन्याने वर गेले तर खाली उतरवणारा सरकता जिना लागला. एका दारातून माणसांचा लोंढा बाहेर येत होता, काका त्यातून उलटे आत घुसू लागले, तेव्हा एका भल्या माणसाने सांगितलं की ही उतरलेली माणसं आहेत, निघणारी पलीकडे. काका पलीकडे गेले. तिथे सामान विसरलेल्यांची खिडकी होती. खिडकीतल्या बाईने विचारलं, "काय हरवलंय?" काका तिथूनही मागे वळले.

शेवटी काकू दिसल्या. बाकावर एकट्या बसलेल्या, पदराचं टोक मुठीत. त्यांनी नवऱ्याला आपादमस्तक पाहिलं. धुळीचे बूट, काखेत पिवळी चादर.

"आलात?" काकू म्हणाल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा."

"कुठे आहे ती?"

"आत. तिकीट नसताना सोडत नाहीत." मग त्यांचा आवाज बदलला. "आत जाण्याआधी दाराशी थांबून राहिली होती. मागचे लोक पुढे गेले तरी थांबलीच. मी म्हटलं, जा बाई आता. म्हणाली, बाबांचं काही सांगता येत नाही, येतीलही."

काकांनी चादर दुसऱ्या काखेत घेतली. कुंपणाशी चादर हलवत असताना आपल्याला वाटत होतं, आपल्याइतकं लेकीला कोणी निरोप देत नाही. आणि ती तेव्हा या दाराकडे बघत होती, किंवा बघून थकून आत गेली होती. हे दोन्ही एकाच डोक्यात मावत नव्हतं.

तिकीट लागायचं त्या दाराशेजारी काचेची भिंत होती. तपासणीच्या रांगेच्या पलीकडे निघणारे, अलीकडे सोडायला आलेले. काकूंनी फोन लावला आणि थोड्या वेळाने मुलगी काचेशी आली. काचेतून आवाज जात नव्हता, म्हणून हातभर अंतरावर उभं राहून बाप-लेक फोनवर बोलू लागले.

"बाबा! तुम्ही इकडे कसे?"

"विचारत विचारत," काका म्हणाले. आणि मग पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचेना. दाराशी सोडायला आलेले बाप काय बोलतात? शेजारी बघावं तर शेजारचा बाप नुसता रडत होता. काका मुलीकडे बघू लागले. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुला चष्मा कधी लागला?"

मुलीने चष्म्याला हात लावला. "दोन वर्षं झाली, बाबा."

"दोन वर्षं? घरी कधी..."

"घरीही घालते."

 काकू दुसरीकडे बघू लागल्या. मुलगीच घाईघाईने म्हणाली, "बारीक फ्रेम आहे ना, लक्षात येत नाही कोणाच्या." तिने बापाला सांभाळून घेतलं, हे मात्र काकांना त्याच क्षणी कळलं. त्यासाठी काही समजावून सांगावं लागलं नाही.

तेव्हाच तो आवाज आला. छताच्या वरून, भिंतींमधून, पायांखालच्या फरशीतून. चार इंजिनांची जुनी, जड घरघर. हॉलमधल्या कोणाचं लक्षही गेलं नाही. काकांची मान मात्र आपोआप वर उचलली गेली. वर पांढरं छत आणि दिवे होते. धावपट्टी इथून कुठल्याच बाजूने दिसत नव्हती.

मुलीने ते पाहिलं. बापाची मान तिला चांगली ओळखीची होती. "तेच ना ते?" ती म्हणाली. "चार इंजिनांचं? मला आत लोक सांगत होते. बाबा, जा तुम्ही. खरंच जा. किती वर्षं वाट बघताय त्याची. मी रागवायची नाही."

काकांनी मान खाली आणली. "येऊ दे," ते म्हणाले. "आलं की जाईलच."

"मी डावी खिडकी मागून घेतलीय. तुम्ही कुंपणाशी गेलात तर..."

"कुठल्याही खिडकीत बस," काका म्हणाले. "मी इथेच आहे."

मग ते बोलले ते अगदी किरकोळ. तिकडच्या मशीनला तेल कुठलं घालतात ते कळव. उभ्याने काम असेल तर बूट चांगले घे. चष्म्याचा नंबर किती आहे? डाव्याचा किती, उजव्याचा किती? तिने सांगितले, काकांनी ते पुन्हा म्हणून दाखवले. काकूंनी मध्येच फोन ओढून घेतला आणि अर्धा वेळ नुसत्या रडल्या. शेवटी आतून कोणीतरी हाक दिली आणि मुलगी काचेवर तळहात टेकवून मागे वळली. गर्दीत तिचं डोकं थोडा वेळ दिसलं. मग एका उंच माणसाच्या मागे गेलं आणि पुढे दिसेनासं झालं. काका म्हणत होते तसंच झालं. जेमतेम काही मिनिटं, आणि मग पाडलेलं तोंड.

तरी ते जागेवरून हलले नाहीत. काकू बाकावर बसल्या, काका काचेशी उभे राहिले. बऱ्याच वेळाने ती घरघर पुन्हा सुरू झाली, वाढत गेली, छतावरून गेली आणि कमी होत होत थांबली. काकांनी ती पूर्ण ऐकली. काकूंनी विचारलं, "गेली?" काका म्हणाले, "गेली."

खिशात फोन वाजला. मास्तर होते आणि त्यांना धाप लागली होती.

"कुठे मेलास? अरे, काय उठलं! आयुष्याचं सार्थक! शेपटावर जुना रंग तसाच, त्यावर नवी अक्षरं, खालची जुनीही वाचता येत होती. दोन्ही वाचली मी! तुला सांगू का?"

"मास्तर," काका म्हणाले, "खिडकीत कोणी दिसलं का?"

"खिडकीत?"

"डाव्या बाजूला. चष्मा लावलेली एक मुलगी. कदाचित हात हलवत असेल. आधी ठरल्याप्रमाणे."

 वाऱ्याचा आवाज येत राहिला. मास्तरांनी खरंच आठवून पाहिलं असावं, कारण बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"नाही रे. मी शेपूटच बघत होतो."

"हो," काका म्हणाले. "मीही तेच बघितलं असतं."